दिवा आत्ताच मालवलाय

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक लहानसं चित्र आहे. उंची 24 सेंटिमीटर, रुंदी 36. ए-फोर कागदाहून थोडंसंच मोठं. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरातल्या पीटर क्लास या चित्रकाराने ते 1628 मध्ये लाकडी फळीवर रंगवलं. टेबलावर जुनी कागदपत्रं आणि पुस्तक, त्यावर एक कवटी, शेजारी लिहायची पिसाची लेखणी, आडवा पडलेला काचेचा पेला आणि एक तेलाचा दिवा. सगळं चित्र तपकिरी आणि राखाडी रंगांत आहे. भडक म्हणावा असा रंग त्यात कुठेच नाही.

कवटीवर नजर आधी जाते आणि ती तिथेच थांबते. पण थोडं डावीकडे-उजवीकडे पाहिलं की दिव्याची वात दिसते. ती विझलेली आहे, पण तिच्यातून धुराची बारीकशी रेघ अजून वर चाललीय. म्हणजे दिवा विझून एखादा क्षणच झालाय. पडलेल्या पेल्याच्या काचेत खिडकीचं प्रतिबिंब आहे, म्हणजे बाहेर अजून उजेड आहे. मग दिवा कोणी विझवला? पेला कोणाच्या हातून पडला? लिहिता लिहिता लेखणी ठेवून कोण उठलं?

मृत्यूचं चित्र म्हणताना आपण कवटीकडे बोट दाखवतो. मला वाटतं, चित्राचा जीव त्या धुरात आहे. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी वस्तूंच्या अशा शेकडो चित्रांतून मरणाबद्दल जे सांगितलं, ते समजून घ्यायला धुराची ती रेघ फार उपयोगी पडते. मराठी माणसाला तर ती समजावूनही सांगावी लागत नाही. कोणी गेलं की आपल्या वर्तमानपत्रांत छापून येतं, 'प्राणज्योत मालवली'. देवाजवळचा दिवा विझला असं घरात कोणी म्हणू देत नाही; दिवा 'शांत झाला' म्हणायचं. जे आपण शब्दांत सांभाळतो, ते क्लासने ब्रशच्या टोकाने रंगवलं.

या प्रकारच्या चित्रांना 'व्हॅनिटस' म्हणतात. हा शब्द बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या लॅटिन भाषांतरातून आला. सगळं वैभव, सगळं ज्ञान, सगळे उपभोग अनुभवून झालेला एक राजा तिथे म्हणतो की हे सारं व्यर्थ आहे. लॅटिनमध्ये 'व्यर्थ'साठी आलेला शब्द 'व्हॅनिटस'. मूळ हिब्रूत मात्र तिथे 'हेवेल' असा शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ श्वास, वाफ. थंडीत तोंडातून निघते आणि बघता बघता विरते, तशी. 'व्यर्थ' म्हटलं की निवाडा दिल्यासारखं वाटतं, की हे टाकाऊ आहे, सोडून द्या. 'वाफ' म्हटलं की नुसतं इतकंच कळतं की हे आहे आणि टिकणार नाही. डच चित्रांत दोन्ही अर्थ आहेत. काही चित्रं धर्मोपदेशकासारखी बोट रोखून उभी असतात. चांगली चित्रं वाफेकडे बघत बसतात.

आता हे सगळं तिथे आणि तेव्हाच का झालं?

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्सच्या उत्तर भागाने स्पेनच्या राजाविरुद्ध बंड केलं. ते युद्ध 1648 मध्ये अधिकृतपणे संपलं. या नव्या प्रजासत्ताकात कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट चर्चचा वरचष्मा होता आणि त्या चर्चला मूर्ती, संतांची चित्रं, सोन्याचा मुलामा यांचं वावडं होतं. 1566 मध्ये तर जमावांनी चर्चमध्ये घुसून मूर्ती फोडल्या होत्या. चित्रकारांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक असा हातचा गेला. पण व्यापाराने शहरं श्रीमंत होत होती. कापडवाले, दारू गाळणारे, बोटींचे मालक, वकील, प्राध्यापक अशा माणसांना घरातल्या भिंतीवर चित्रं हवी होती. त्यांची घरं राजवाड्यांसारखी मोठी नव्हती. त्यांना लहान, जवळून बघायची चित्रं परवडत आणि आवडत. क्लासची ती 24 सेंटिमीटरची फळी अशाच एखाद्या खोलीसाठी रंगवली गेली.

पैसा आला की तो मिरवावासा वाटतो आणि मिरवला की मन खातं. कॅल्विनपंथी घरात तर जास्तच. त्यात प्लेग होता. लायडन, हार्लेम, ॲमस्टरडॅम ही शहरं त्या शतकात पुन्हा पुन्हा प्लेगच्या तडाख्यात सापडली. 1635 ची साथ लायडनमध्ये फारच भयानक होती. जहाजं बुडत, बाळंतपणं अंगावर बेतत, लहान मुलं दगावत. मृत्यूची आठवण करून द्यायला चित्र लागत होतं असं नाही. आठवण सगळीकडेच होती. चित्राने तिला बसायला जागा दिली.

व्हॅनिटस चित्रांचं माहेरघर लायडन. 1575 मध्ये स्थापन झालेलं तिथलं विद्यापीठ प्रोटेस्टंट जगात नावाजलेलं होतं. विद्यापीठाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस शरीरविच्छेदनासाठी एक गोल, पायऱ्यापायऱ्यांचं सभागृह बांधलं. हिवाळ्यात तिथे प्रेतं फाडून विद्यार्थ्यांना दाखवत. उन्हाळ्यात प्रेत टिकत नसे, म्हणून त्या पायऱ्यांवर माणसांचे आणि जनावरांचे सांगाडे मांडून लोकांना बघायला खुले करत. 1610 चं एक छापील चित्र आहे, त्यात हे सभागृह दिसतं. सांगाड्यांच्या हातात लहान लहान निशाणं आहेत आणि त्यांवर लॅटिनमध्ये लिहिलंय, मरण ध्यानात ठेव, आपण धूळ आणि सावली आहोत. मधोमध एका झाडाच्या दोन बाजूंना दोन सांगाडे उभे आहेत, आदाम आणि हव्वा. आसपास नटूनथटून आलेली माणसं हिंडताहेत. शास्त्र, धर्म आणि रविवारची सहल एकाच छताखाली. लायडनच्या चित्रकाराला कवटी कुठे मिळाली, हा प्रश्नच उरत नाही.

याकोब दे हेन यानेही लायडनमध्ये काम केलं होतं. स्वतंत्र व्हॅनिटस स्थिरचित्रांतलं आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं चित्र त्याचं, 1603 चं. तेही मेट्रोपॉलिटनमध्येच आहे. एका दगडी कोनाड्यात कवटी ठेवलीय आणि तिच्या वर एक भलामोठा बुडबुडा तरंगतोय. एका बाजूला फुलदाणीत ट्युलिप, दुसऱ्या बाजूला धूर निघणारं पात्र, खाली नाणी. वरच्या कोपऱ्यांत दोन ग्रीक तत्त्वज्ञ. जगाकडे बघून हसणारा डेमोक्रिटस आणि रडणारा हेराक्लिटस. दोघंही त्या बुडबुड्याकडेच निर्देश करताहेत. बुडबुड्याच्या पृष्ठभागावर नीट पाहिलं तर आत पुसट आकार दिसतात, त्यांत छळाचं चाक आहे, महारोग्याने लोकांना दूर राहण्यासाठी वाजवायची खुळखुळी आहे. माणसाला जे जे भोगावं लागतं ते साबणाच्या पातळ पडद्यावर.

माणूस म्हणजे बुडबुडा, ही लॅटिनमधली जुनी म्हण. डच विद्वान इरॅस्मसने आपल्या म्हणींच्या संग्रहात तिच्यावर लिहिलं आणि ती युरोपभर पसरली. आपल्याकडेही आयुष्याला पाण्यावरचा बुडबुडा म्हणतात, अळवावरचं पाणी म्हणतात. कोणी कोणाकडून घेतलं हा मुद्दाच नाही. पाणी दोन्हीकडे सारखंच असतं.

आता टेबलावरच्या बाकी वस्तूंकडे. इथे एक सवय मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. इंटरनेटवर या चित्रांच्या याद्या फिरतात: कवटी म्हणजे मृत्यू, पुस्तक म्हणजे ज्ञान, वीणेसारखं ल्यूट म्हणजे इंद्रियसुख, नाणी म्हणजे संपत्ती. याद्या चुकीच्या नाहीत. पण शब्दकोश पाठ करून कविता कळत नाही. वस्तू कोणती आहे याच्याइतकंच ती कोणत्या क्षणी पकडलीय हे बघायला हवं.

घड्याळ घ्या. क्लासच्या आणि त्याच्या समकालीनांच्या चित्रांत खिशातलं घड्याळ वारंवार येतं. झाकण उघडं असतं आणि बहुतेक वेळा निळ्या फितीला त्याची चावी लटकत असते. त्या काळच्या खिशातल्या घड्याळाला एकच काटा असे, तासाचा. वेळ फारशी बिनचूक दाखवत नसत. त्यांच्यात सुधारणा झाली ती 1675 नंतर, ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानेच बारीक स्प्रिंग बसवून दाखवली तेव्हा. म्हणजे क्लासच्या टेबलावरचं घड्याळ महाग आहे, दिमाखदार आहे आणि रोज कोणीतरी चावी दिली तरच चालणारं आहे. चावी शेजारीच पडलीय. देणारा हात चित्रात नाही. मराठीत 'घटका भरली' म्हणतात ते घटिकापात्रावरून, भोक पाडलेली वाटी पाण्यात ठेवायची आणि ती भरून बुडाली की वेळ झाली. त्या वाटीत आणि या चावीत मला एकच गोष्ट दिसते. यंत्र आपलं काम चोख करतं. संपतो तो माणूस.

हार्मेन स्टेनवाइकचं लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं चित्र साधारण 1640 चं. तिरका उजेड वरून येऊन थेट कवटीवर पडतो. आसपास पुस्तकं, वाद्यं, घड्याळ, विझलेला दिवा, एक मोठा शंख आणि एक जपानी तलवार. शंख आणि तलवार दोन्ही दूरच्या समुद्रातून आलेल्या, हौशी आणि पैसेवाल्या माणसाने जमवलेल्या वस्तू. उजवीकडे एक मोठं मडकं आहे. त्या मडक्याच्या जागी स्टेनवाइकने आधी लॉरेलची माळ घातलेला एक मस्तकपुतळा रंगवला होता. तो रंगाच्या थराखाली अजून आहे. सत्तेची खूण त्याने पुसली आणि तिथे घरातलं मडकं ठेवलं. का, ते आपल्याला त्याने सांगून ठेवलेलं नाही. पण मडकं बघताना आता मला खालचा पुतळा जाणवत राहतो.

डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 ची. तिच्या जहाजांनी आशियातून मिरी, चिनी मातीची निळी-पांढरी भांडी, शंख, कापड, लाखेच्या वस्तू आणल्या आणि हा सगळा माल चित्रांच्या टेबलांवर येऊन बसला. क्लासच्याच 1627 च्या एका मोठ्या मेजवानीच्या चित्रात टर्की पक्ष्याचं मांस भरलेली 'पाय' नावाची भाजलेली पेस्ट्री, कालवं, चिनी वाडगा, शंखाचा पेला आहे आणि एका कोपऱ्यात छापील कागदाच्या पुडीतून काळी मिरी सांडलीय. तो कागद पंचांगासारख्या वार्षिक पुस्तिकेचं पान आहे. सरलेल्या वर्षाच्या तारखांत गुंडाळलेली मिरी. वाण्याकडे रद्दीच्या पुडीत जिरं-मोहरी घेतलेल्या माणसाला ही पुडी बघताक्षणी ओळखू येईल. हीच कंपनी 1637 च्या सुमारास आपल्या वेंगुर्ल्यात उतरली, गोव्याच्या पोर्तुगीजांची समुद्रातून कोंडी करायला. तिच्या वखारीचे पडके अवशेष तिथे आजही आहेत, भिंतींतून झाडांची मुळं उतरलेली. ॲमस्टरडॅमच्या टेबलावरची श्रीमंती आणि वेंगुर्ल्याची ती भिंत, दोन्ही एकाच खात्यातल्या नोंदी.

जेवणाच्या टेबलांची चित्रं वेगळ्या नावाने विकली जात. कोणी त्यांना न्याहारी म्हणे, कोणी मेजवानी. 'स्टिलेव्हेन' म्हणजे स्थिरचित्र; हा डच शब्द रुळला तो 1650 च्या आसपास. या टेबलांवर बहुधा कवटी नसते आणि म्हणूनच मला ती जास्त बोलकी वाटतात. विलेम हेडाचं 1635 चं चित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. चुरगळलेलं पांढरं कापड, उघडी कालवं, कलंडलेलं चांदीचं तबक, हिरवट काचेचा पेला, सोनेरी झाकणाचा उंच चषक. आणि अर्धवट सोललेलं लिंबू. साल एका सलग वेटोळ्यात खाली लोंबतेय. लिंबाचा गर ओला दिसतो, म्हणजे सोलून फार वेळ झालेला नाही. वर दिसतं सुंदर आणि आत आंबट, असा लिंबाचा अर्थ लावतात. असेलही. लिंबू पिळून कालवं खातात, हेही तितकंच खरं. पण सोलणारा साल अर्धी सोडून उठून गेलाय, हे कोणत्याही अर्थाआधी दिसतं. ताटावरून कोणी मध्येच उठलं तर आपल्या घरात किती चुकल्यासारखं होतं! हेडाचं टेबल बघताना तीच चुटपुट लागते. जेवण आहे, चव आहे, उजेड आहे. जेवणारा नाही.

इंटरमिजिएटच्या परीक्षेला स्थिरचित्राचा पेपर दिलेल्यांना एक अनुभव असेल. आमच्यापुढे किटली, घडी मोडलेलं कापड, दोन वांगी आणि पालकाची जुडी मांडली होती. किटली शेवटपर्यंत जशीच्या तशी राहिली. पालकाने तासाभरात मान टाकली. मी रंगवायला घेतलेली पानं आणि समोरची पानं वेगळी झाली. काय करावं कळेना, तेव्हा मी आठवणीतली पानं रंगवली. 'स्थिर' चित्रात स्थिर काहीच नसतं, हे मला तिथे कळलं आणि फुलांच्या डच चित्रांकडे मी तेव्हापासून जास्त आदराने बघू लागलो.

कारण ते फुलांचे गुच्छ प्रत्यक्षात कधीच नव्हते. अम्ब्रोसियस बोसखार्टच्या किंवा त्याच्यानंतरच्यांच्या फुलदाण्यांत वसंतातला ट्युलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब एकाच वेळी उमललेले असतात. चित्रकार ज्या त्या ऋतूत एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवत आणि मग फळीवर त्यांचा मेळ घालत. यान फान हाउसमच्या नॅशनल गॅलरीतल्या एका फुलदाणीवर सहीशेजारी 1736 आणि 1737 अशी दोन वर्षं आहेत. फुलांसाठी त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं असणार. म्हणजे ज्या गुच्छाला आपण 'चार दिवसांचं सौंदर्य' म्हणतो, तो रंगवायला महिनोन्‌महिने गेलेत. पानांना किडीने पाडलेली भोकं आहेत, पाकळीवर माशी आहे, खाली एखादी गळून पडलेली पाकळी. क्षणभंगुर गोष्ट दाखवायला इतकी सबुरी लागते.

ट्युलिपची गोष्ट तर थरारक आहे. तुर्की साम्राज्यातून आलेलं हे फूल लायडनच्या वनस्पतिउद्यानात 1590 च्या दशकात लावलं गेलं. पुढे एकेका कंदाच्या किमती आकाशाला भिडल्या आणि फेब्रुवारी 1637 मध्ये धाडकन कोसळल्या. त्या कोसळण्याने देश भिकेला लागला अशा ज्या कथा सांगतात, त्या नंतर फुगवलेल्या आहेत; पण फुलावर सट्टा लागला होता हे खरं. सगळ्यात जास्त मागणी होती ती पांढऱ्या पाकळीवर लाल-जांभळ्या ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या फुलांना. तसे पट्टे का येतात ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. विसाव्या शतकात कळलं की तो विषाणूचा संसर्ग आहे, मावा कीड तो पसरवते आणि त्याने कंद हळूहळू अशक्त होत जातो. लोक ज्या सौंदर्यासाठी पैसे ओतत होते, तोच त्या फुलाचा आजार होता. चित्रकारांनी ते पट्टे अत्यंत प्रेमाने रंगवले. मृत्यूचं इतकं अचूक प्रतीक त्यांच्या हातून न कळत उतरलं.

राखेल राउस हिचं नाव इथे घ्यायलाच हवं. 1664 ते 1750. ॲमस्टरडॅममध्ये वाढलेली, दहा मुलांची आई, वयाच्या 83 व्या वर्षापर्यंत रंगवत राहिलेली. तिचे वडील फ्रेडरिक राउस शरीरशास्त्रज्ञ होते. मृत शरीरं टिकवण्याचं त्यांचं कसब युरोपभर गाजलं. लहानग्या सांगाड्यांचे ते देखावे मांडत, एखादा सांगाडा शरीरातल्याच पातळ पापुद्र्याचा रुमाल डोळ्यांशी धरून रडतोय असे. 1717 मध्ये रशियाच्या पीटर द ग्रेटने तो संग्रह 30,000 गिल्डर या डच नाण्यांना विकत घेऊन सेंट पीटर्सबर्गला नेला. वडिलांनी मेलेल्याला टिकवायचा प्रयत्न केला, मुलीने कोमेजणाऱ्याला. तिच्या चित्रांतली फुलं सरळ उभी नसतात. देठ वाकलेले, जड झालेलं फूल खाली ओणवलेलं. उमलणं आणि कोमेजणं यांच्या बरोबर मध्ये.

लायडनच्या लाकेनहाल संग्रहालयात डाविड बेलीचं 1651 चं चित्र आहे. हार्मेन स्टेनवाइकचा हा मामा आणि गुरू. माझ्या मते सगळ्या व्हॅनिटस चित्रांत हे सगळ्यात खोल. डावीकडे एक तरुण चित्रकार बसलाय, हातात रंगवताना हात टेकवायची काठी. दुसऱ्या हाताने त्याने टेबलावर एक लंबगोल चौकट धरलीय आणि त्या चौकटीत एका प्रौढ माणसाचं व्यक्तिचित्र आहे. टेबलभर कवटी, वाळूचं घड्याळ, धूर सोडणारी मेणबत्ती, नाणी, मोत्यांची माळ, गुलाब. हवेत साबणाचे बुडबुडे. मागच्या भिंतीवर, उंच पेल्याच्या काचेआड, एका स्त्रीचा चेहरा इतका पुसट की आधी भिंतीचा डाग वाटावा.

पहिल्यांदा बघणारा समजतो की तरुणाने कोणा वडीलधाऱ्याचं चित्र काढलंय. पण 1651 मध्ये बेली 67 वर्षांचा होता. अनेक अभ्यासकांच्या मते तो तरुणही बेलीच आहे. म्हणजे जो समोर जिवंत बसल्यासारखा दिसतो, तो कित्येक वर्षांपूर्वीच संपलाय, आणि जो 'चित्रातलं चित्र' आहे तो खऱ्या वयाच्या जवळचा. भूतकाळ हाताला लागेल इतका ठसठशीत आणि वर्तमान एका लहानशा चौकटीत. म्हातारपणी आरशात बघून 'हा कोण' वाटावं, ते बेलीने उलटं करून दाखवलंय. टेबलाच्या कडेवरून लोंबणाऱ्या कागदावर 'सगळं व्यर्थ' हे वचन आहे आणि त्याच्या खालीच चित्रकाराची सही. सगळं व्यर्थ म्हणणाऱ्या कागदावर आपलं नाव लिहिणं, ही मला ढोंगी गोष्ट वाटत नाही. व्यर्थांत मीही आलो, असं तो म्हणतोय.

सगळी चित्रं अंधाराकडेच नेतात असं नाही. मारिया फान ओस्टरवाइकचं 1668 चं चित्र व्हिएन्नात आहे. कवटी, आकाशाचा गोल, फुलं, मक्याचं कणीस, फुलपाखरू आणि 'हिशेब' असं लिहिलेली एक वही. तिच्यावरच्या मजकुराचा भाव असा की आपण मरण्यासाठी जगतो आणि जगण्यासाठी मरतो. व्यापाऱ्यांच्या देशात देवापुढचा हिशेबही वहीतच असणार. शेजारच्या बाटलीच्या काचेत चित्रकर्तीचं स्वतःचं इवलंसं प्रतिबिंब आहे. फुलपाखरू म्हणजे कोशातून सुटलेला आत्मा. काही चित्रांत कवटीभोवती धान्याच्या लोंब्या किंवा आयव्हीची वेल गुंडाळलेली असते. दाणा मातीत पडल्याशिवाय रुजत नाही, या ख्रिस्ताच्या वचनाची आणि पुनरुत्थानाची ती खूण. श्रद्धावान डच घरात या चित्राचा अर्थ 'सगळं संपतं' एवढ्यावर थांबत नसे.

मग प्रत्येक लिंबू, प्रत्येक माशी प्रतीकच असते का? यावर अभ्यासकांत चांगलंच वाजलेलं आहे. एडी दे यॉंग यांनी त्या काळच्या बोधचित्रांच्या पुस्तकांचा आधार घेऊन दाखवलं की साध्या वाटणाऱ्या वस्तूंत नीतीचे धडे दडलेले असत. स्वेतलाना आल्पर्स यांनी 1980 च्या दशकात उलट बाजू मांडली की डच चित्रकार मुख्यतः बघत होते, सूक्ष्मदर्शक आणि भिंगांच्या काळात जगाचं वर्णन करत होते. प्रत्येक वस्तूच्या मागे प्रवचन शोधू नये. मला दोघांचंही पटतं, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. हेडाने लिंबाच्या सालीवरचा एकेक खळगा रंगवला तो केवळ धडा द्यायला नक्कीच नाही. धडा द्यायला पिवळा गोळा पुरला असता. त्याला ते लिंबू आवडलं होतं. आणि आवडलेली गोष्ट इतक्या जवळून, इतका वेळ पाहिली की ती जाणार आहे हे दिसायला लागतंच. पालकाची जुडी मला तेच दाखवत होती.

या चित्रांना आता साडेतीनशे-चारशे वर्षं झाली. फुलांची चित्रं नीट बघितली तर अनेकांत पानं हिरवी नाहीत, निळसर आहेत. चित्रकारांनी ती निळी रंगवली नव्हती. हिरवं पान करायला ते निळ्यावर वनस्पतीपासून केलेल्या पिवळ्या रंगाचा पातळ, पारदर्शक थर देत. तो पिवळा रंग उजेडाने उडून जातो. ज्या खिडकीच्या उजेडात घरच्यांनी ती चित्रं पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने बघितली, त्याच उजेडाने पानांतला पिवळेपणा हळूहळू नेला. आज संग्रहालयात दिवे मंद ठेवलेले असतात. त्या अर्ध्या उजेडात, लाल-पांढऱ्या ट्युलिपच्या खाली, निळी पानं दिसतात.